थंड मातीतलं बी: मेलं, की अजून वेळ आहे?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली माझी सगळ्यात महागडी चूक मी हातात खुरपं घेऊन केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले वाटाणे तीन आठवडे झाले तरी वर आले नाहीत. मेले असं समजून मी सगळ्या सऱ्या उकरल्या आणि त्याच जागी नवीन बी टाकलं. पुढे जी रोपं आली त्यातली काही पहिल्या पेरणीतून वाचलेल्या बियांची होती, काही दुसऱ्या. कुठलं कुठलं हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. वसंत ऋतू वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे एका दुपारच्या घाईत माझं एक वर्ष गेलं.

ही गोष्ट सांगतेय कारण तुमच्यापैकी बरेच जण आता रिसर्च प्रपोजल लिहायच्या तयारीत असाल. माझ्या चुकीच्या मुळाशी एक साधा शब्द होता: ‘थंडी सोसणारं पीक’. तो इतका ओळखीचा वाटला की त्याचा अर्थ काय हे विचारायचं राहूनच गेलं.

आधी जागेबद्दल थोडं. मी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी असते, साधारण ४२ अंश उत्तर अक्षांशावर. इथे दव गोठून पानं जळण्याचा प्रकार (पुढे नुसतं फ्रॉस्ट म्हणते) मेच्या मध्यापर्यंत होऊ शकतो. म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं मे सरता सरता बाहेर लावतात. पण वाटाणा, मुळा, लेट्यूस, कांदा, पालक ही मंडळी एप्रिलमध्येच जमिनीत जातात. म्हणजे बघा, आपल्याकडे रब्बीत ऑक्टोबर-नोव्हेंबरला जी भाजी पेरतात, तीच इथे बर्फ वितळल्यावर पेरतात. पीक तेच, गारवाही लागतो तोच. फरक इतकाच की आपल्याकडे ते थंडीत शिरतं आणि इथे थंडीतून बाहेर पडतं.

इथल्या बागकाम करणाऱ्यांमध्ये एक जुना नियम आहे: सेंट पॅट्रिक डेला, म्हणजे १७ मार्चला, वाटाणा पेरावा. इथाकात त्या दिवशी बऱ्याचदा जमीन गोठलेली असते, बर्फही असतो. नियम बहुधा जरा उबदार भागातून आलाय आणि लोकांच्या जिभेवर राहिलाय. आपल्याकडे मृग लागला की पेरणीचं बघायचं, तसाच हा प्रकार. तारीख लक्षात ठेवायला सोपी असते, पण बियाला कॅलेंडर दिसत नाही. त्याला कळतं ते त्याच्या भोवतीच्या दोन-चार सेंटिमीटर मातीचं तापमान आणि तिथलं पाणी.

आता मुख्य मुद्दा. थंडी सोसणं म्हणजे नक्की काय? मला आता यात निदान तीन वेगळे प्रश्न दिसतात. गार मातीत बी रुजतं का, आणि किती वेळात? तेवढा वेळ ओल्या मातीत पडून ते कुजत तर नाही? आणि वर आलेलं रोप फ्रॉस्टमध्ये तगतं का? एखादं पीक यातल्या एका प्रश्नात पहिलं आणि दुसऱ्यात नापास असू शकतं. मी तिन्हींसाठी वहीत एकच रकाना ठेवला होता: ‘उगवलं / नाही उगवलं’.

पहिल्या प्रश्नावर फार सुंदर जुना डेटा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरिंग्टन आणि मिंजेस यांनी १९५४ मध्ये वेगवेगळ्या भाज्यांचं बी अर्धा इंच खोल पेरून, कुठल्या तापमानाला रोप वर यायला किती दिवस लागतात याचा तक्ता दिला. आजही भाजीपाल्याच्या हँडबुकांत तोच तक्ता फिरतो. वाटाण्याचे आकडे असे: ५ अंश सेल्सिअसला ३६ दिवस, १० अंशांना १४, १५ अंशांना ९. टोमॅटोला १० अंशांना ४३ दिवस, १५ ला १४, २० ला ८.

नुसते दिवस बघितले तर ग्राफ वाकडा येतो, काही हाती लागत नाही. पण दिवसांचा व्यस्त घ्या, म्हणजे १ भागिले दिवस. हा झाला उगवण्याचा वेग. वाटाण्यासाठी ०.०२८, ०.०७१, ०.१११. तापमानासमोर हे तीन बिंदू मांडले की जवळजवळ सरळ रेषा मिळते. ती रेषा खाली वाढवत नेली की जिथे वेग शून्य होतो ते तापमान येतं साधारण १.७ अंश. याला बेस तापमान म्हणतात. आणि रेषेच्या चढावरून दुसरा आकडा निघतो: वाटाण्याला वर यायला सुमारे १२० अंश-दिवस लागतात. अंश-दिवस म्हणजे बेसच्या वर जितके अंश, गुणिले तितके दिवस. पडताळून बघा: ५ अंशांना बेसच्या वर ३.३ उरतात, १२० भागिले ३.३ म्हणजे ३६ दिवस. बरोब्बर. (फार खूश होऊ नका, रेषा मुळात त्याच बिंदूंवरून काढलीय, जुळणारच. पुढे ती वाकायलाही लागते.) तोच हिशेब टोमॅटोचा केला तर बेस साधारण ७.७ येतो आणि बेरीज शंभराच्या आसपास.

हे बघून मी पहिल्यांदा थबकले होते. टोमॅटोला उष्णतेची एकूण बेरीज वाटाण्यापेक्षा कमीच लागते! टोमॅटो आळशी नाही, त्याचं मीटर उशिरा सुरू होतं इतकंच. माती ५ अंशांवर असताना वाटाण्याच्या खात्यात रोज ३.३ जमा होतात, टोमॅटोच्या खात्यात काहीच नाही. उष्णतेची अशी बेरीज करण्याची कल्पना नवी नाही, फ्रान्समध्ये रेओम्यूरने ती १७३५ मध्ये मांडली होती.

मी पेरताना हाच हिशेब केला होता. चूक सूत्रात नव्हती, मी त्यात काय भरलं यात होती. फोनवर दुपारचं हवेचं तापमान १० अंशांच्या आसपास दिसायचं, म्हणून मी १० धरले. उत्तर आलं १४ दिवस. त्यावर एक आठवडा ‘सुरक्षित’ म्हणून थांबले आणि मग खुरपं काढलं. प्रत्यक्षात पाच सेंटिमीटर खाली माती ५ अंशांच्या जवळपास असणार. असणार म्हणते, कारण मी मोजलंच नव्हतं. बर्फ नुकतं वितळलेली माती पाण्याने गच्च असते, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. त्यात पृष्ठभागावरून बाष्पीभवन होऊन उष्णता निघून जाते ती वेगळीच. म्हणजे ३६ दिवसांचा मामला होता आणि मी २१ व्या दिवशी उकरलं. तेव्हा खात्यात १२० पैकी सत्तरच्या आतबाहेर जमा झाले होते.

गाइडना सांगायला गेले तर त्यांनी शांतपणे एकच विचारलं, “उकरलंस तेव्हा बिया कशा दिसत होत्या?” मला आठवत होतं. काही टणक होत्या, बाजूने पांढरा कोंब नुकता डोकावलेला. काही बोटात धरल्या की पिठासारख्या फुटत होत्या. पण वहीत यातलं काही लिहिलं नव्हतं. वहीत होतं शून्य, सगळ्या सऱ्यांपुढे एकसारखं. ‘अजून वेळ आहे’ याचंही शून्य, ‘कुजलं’ याचंही शून्य, ‘उंदराने नेलं’ याचंही शून्यच.

त्या पिठासारख्या बियांकडे नंतर मी नीट बघितलं तेव्हा एक मजेशीर धागा सापडला. मी दोन जातींचं बी वापरलं होतं, एक गोल गुळगुळीत आणि एक सुरकुतलेलं. हो, शाळेच्या पुस्तकातला मेंडेलचाच वाटाणा. मेंडेलने १८६६ च्या निबंधात जी सात लक्षणं मांडली त्यातलं हे एक. सुरकुतलेल्या बियांमागचं कारण मात्र १९९० मध्ये कळलं, इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत मदन भट्टाचार्य, अ‍ॅलिसन स्मिथ, कॅथी मार्टिन यांच्या गटाकडून. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय. त्यामुळे स्टार्च नीट तयार होत नाही, साखर शिल्लक राहते, साखरेमुळे कोवळ्या दाण्यात पाणी जास्त ओढलं जातं, आणि दाणा सुकला की त्याचं साल सुरकुततं.

खाणाऱ्याला हे सोयीचं: साखर जास्त म्हणजे मटार गोड. पण गार ओल्या मातीत हाच गुण अंगाशी येतो. कोरडं बी पाणी पिऊ लागतं तेव्हा आतल्या पेशींची पटलं अजून नीट सावरलेली नसतात आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. पॉवेल आणि मॅथ्यूज यांनी १९७८ मध्ये वाटाण्याच्याच गर्भावर काम करून दाखवलं की पाणी फार झपाट्याने आत शिरलं तर त्यानेच इजा होते. सालाला चीर असेल तर पाणी असंच झपाट्याने शिरतं. आणि बाहेर झिरपलेली साखर म्हणजे मातीतल्या बुरशीला आवतणच. उबदार मातीत बी आठवड्याभरात वर येऊन सुटतं. ५ अंशांच्या मातीत त्याला महिनाभर त्या बुरशीच्या शेजारी काढायचा असतो. त्यामुळे लवकरच्या पेरणीला गोल वाटाणा घ्यावा असं जुने बागवान सांगतात त्याला भक्कम कारण आहे. आणि म्हणूनच ‘वाटाणा थंडीत उगवतो का’ या प्रश्नाला, कुठला वाटाणा हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

पालकाची कथा याहून वेगळी. वरच्याच पद्धतीने त्याचं बेस तापमान काढलं (५ अंशांना २३ दिवस, १० ला १२, १५ ला ७) तर सुमारे ०.६ येतं. म्हणजे शून्य अंशाला पालक उगवायला नको. पण त्याच तक्त्यात शून्याला ६३ दिवस असा आकडा दिलेला आहे! उगवतो, सावकाश का होईना. इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की बेस तापमान बियामध्ये कुठे लिहून ठेवलेलं नसतं, ते आपण ओढलेल्या रेषेचं असतं. बिंदू बदलले की तेही सरकतं. पेपरमध्ये कुणी दशांश चिन्हानंतर दोन आकडे देऊन बेस तापमान लिहिलं असेल तर ते कुठल्या तापमानांवरून काढलंय ते आधी बघायचं, ही सवय मला पालकाने लावली.

आणखी एक. हॅरिंग्टनच्या नावावर दुसराही तक्ता आहे, शंभरातल्या किती बियांची नीट रोपं झाली याचा. पालकात ५ अंशांना ९६, १५ ला ८२, २० ला ५२, आणि २५ ला फक्त २८. वेगाचा तक्ता बघितला तर पालकाला २५ अंश सगळ्यात छान, पाच दिवसांत वर. उगवण क्षमतेचा बघितला तर तिथेच चारातल्या तीन बिया वाया. एकच बी, एकच प्रयोग, पण काय मोजलं त्यावर ‘चांगलं तापमान’ कुठलं याची उत्तरं उलटसुलट. पालकाचं बी आपण म्हणतो ते खरं तर सुकलेलं फळ असतं, आणि त्याचं कवच गरमीत उगवणीला अडथळा करतं.

इथे आपल्याकडच्या वाचकांना एक धोक्याची सूचना. हे सगळं विलायती पालकाबद्दल आहे. महाराष्ट्रात ‘ऑल ग्रीन’ किंवा ‘पुसा ज्योती’ म्हणून जो पालक पेरतात तो वनस्पतिशास्त्राप्रमाणे बीटचा सख्खा भाऊ, वेगळीच प्रजाती. वरचे आकडे त्याला लावून पुण्यात प्रयोग आखलात तर माझ्यापेक्षा मोठी चूक कराल. लिटरेचर वाचताना भाजीचं नाव नको, शास्त्रीय नाव बघा.

तिसरा प्रश्न, फ्रॉस्टचा, मी माझ्या कामात घेतलेला नाही, म्हणून थोडक्यात. रोपात पाणी गोठायला सुरुवात होते ती सहसा पेशींच्या बाहेर, पेशींमधल्या फटींत. तिथला बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे रोप गोठून मरतं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते कोरडं पडून, पटलं फाटून मेलेलं असतं. पटलांची ही बाजू इथाकातच, कॉर्नेल विद्यापीठात, पीटर स्टेपोंकस यांनी खूप बारकाईने तपासली. थंडी सोसणारी रोपं मात्र काही दिवस गारव्यात राहिली की तयारी करतात: पेशीत साखर साठवतात, पटलांची रचना बदलतात. या तयारीत जनुकांचं काम बदलतं हे १९८५ मध्ये चार्ल्स गाय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, तेही पालकावर. पुढे १९९८ मध्ये मिशिगनच्या मायकेल थोमाशोंच्या गटाने दाखवलं की सीबीएफ१ हे एकच नियंत्रक जनुक जास्त चालवलं, तर अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपं गारव्याची सवय न लावताही गोठणं जास्त सोसतात. ही तयारी कायमची नसते. चार दिवस ऊन पडलं की उतरते. घरात खिडकीशी वाढवलेली लेट्यूसची रोपं थेट बाहेर लावली की हलक्या फ्रॉस्टनेही काळी पडतात, आणि शेजारच्या वाफ्यात बियापासून बाहेरच वाढलेली तशीच लेट्यूस ताठ उभी असते, ते यामुळे.

दुसऱ्या वर्षी मी तीन गोष्टी बदलल्या. पाच सेंटिमीटरवर डेटा लॉगर पुरला, दर अर्ध्या तासाला रीडिंग. त्यामुळे रोजची सरासरी काढायचा मोहही गेला. सरासरी इथे फसवते: समजा अर्धा दिवस माती ८ अंश आणि अर्धा दिवस शून्य. सरासरी ४, बेस वजा करून २.३ अंश-दिवस. पण रात्री बी काही मागे जात नाही, जमा झालेलं खात्यातून वजा होत नाही. दिवसाचे ६.३ अर्ध्या दिवसासाठी म्हणजे ३.१५ जमा, रात्रीचे शून्य. फरक लहान दिसतो, महिन्याभरात आठवड्याची चूक करतो.

दुसरं, काही बिया नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्यांत घालून सऱ्यांच्या बाजूला पुरल्या. दर आठवड्याला एक पिशवी काढायची, बिया मोजायच्या: टणक, कोंब आलेल्या, कुजलेल्या, गायब. मुख्य सऱ्यांना हात लावायचा नाही. शून्याचे आता चार रकाने झाले.

तिसरं म्हणजे वाफसा. हा शब्द मला इथे फार आठवतो, कारण इंग्रजीत त्याला एका शब्दात बोलायची सोय नाही. इथले लोक मूठभर माती दाबतात आणि अंगठ्याने टोचतात. गोळा भुगा होऊन सुटला तर पेरा, चिकट राहिला तर थांबा. माझे आजोबा सांगलीकडच्या काळ्या रानात हेच करायचे, एक शब्द बोलून. पहिल्या वर्षी मी चिखलात पेरलं होतं. दुसऱ्या वर्षी वाफसा येईपर्यंत नऊ दिवस थांबले, आणि वाफा थोडा उंच केला म्हणजे पाणी निघून माती लवकर तापेल.

त्या वर्षी लवकरच्या पेरणीत सुरकुतलेल्या बियांच्या पिशव्यांत कुजलेल्यांचा रकाना भरत गेला, गोलच्या पिशव्यांत टणक आणि कोंबवाल्यांचा. एप्रिलच्या शेवटी पेरलेल्या सऱ्यांत दोघांतला फरक बराच कमी झाला. हे एका प्लॉटवरचं, एका वर्षाचं आहे, उचलून निष्कर्ष म्हणून कुठे लिहू नका. पण आता मला निदान माहीत आहे की न उगवलेल्या बीचं काय झालं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर प्लॉट लागत नाही, फ्रिज पुरतो. किराणा दुकानातला सुका वाटाणा बहुतेक गोल असतो. बियाण्याच्या दुकानात ‘अर्केल’ मागा, ती सुरकुतलेली जात आहे. (बियाण्याला औषध चोळलेलं असतं, हात धुवा, आणि उरलेलं उसळीत टाकू नका. औषधामुळे बुरशीची तुलनाही बिघडते, तेव्हा न चोळलेलं मिळालं तर उत्तम.) प्रत्येकी वीस-वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून एक जोडी फ्रिजमध्ये, एक ओट्यावर. ओट्यावरची जोडी विसरू नका, बी मुळात जिवंत होतं का हे तीच सांगते. फ्रिजमधल्यांना फक्त कोंब यायचाय, मातीतून वर यायचं नाही, त्यामुळे ३६ दिवस लागायला नकोत. फ्रिजचं तापमान मात्र थर्मामीटर ठेवून मोजा, दारावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि रोज काय दिसतं ते लिहा, काहीच झालं नाही असं वाटलं त्या दिवशीसुद्धा.